जाझ गायन वर्ग, बोरी अरब

१ जानेवारी १९६०
आजपासून रोजनिशी. माझी बायको मैनाबाई कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जाते, तिथल्या मुनीमजीने तिला ही डायरी दिली. गेल्या सालची आहे, पण आत कोरी. वार एक दिवस मागे पडतो, तेवढं डोक्यात ठेवायचं. जाझ गाणाऱ्याला त्याची अडचण नाही. जाझमध्ये तालाच्या जरा मागेच राहायचं असतं. डायरीही आपल्याच लाइनीतली मिळाली.
निश्चय: पहाटे उठून रियाज. मिरची बंद. विडी बंद. रागावणं बंद. उन्हाळ्याच्या आत गावात जाझ गायन वर्ग. मग दारव्हा. मग यवतमाळला मोठ्या हॉलमध्ये प्रोग्राम.
वय पासष्ट. या वयात गळा पिकतो.
मैनाबाईने विचारलं, काय लिहून राह्यले. मी म्हटलं, कामाचं. ती म्हणाली, "कोनतं काम?" रागावणं बंद असल्यामुळे गप्प राहिलो.

२ जानेवारी
पहाटे कडक थंडी. थंडीत गळा उघडला तर बसतो. रियाज उद्यापासून. विडी एकच, तीही थंडीमुळे.

५ जानेवारी
माझी माहिती एकदा नीट लिहून ठेवतो. पुढे पेपरवाल्यांना लागेल.
नाव नानाजी. शिक्षण चौथी. लढाईच्या दिवसांत कामठीला एका क्लबात जाझ सिंगर. बँडमास्तर पिंटोसाहेब, गोव्याचे. त्यांच्या बँडमध्ये मी अकरा वर्षं गायलो. म्हणजे अकरा वर्षं बँडमध्ये होतो. आधी बेस, म्हणजे माणसाएवढं तारांचं वाद्य, उचलून गाडीत ठेवायचो. पुढे शनिवारी साहेबलोक जेवायला बसले की पिंटोसाहेब मला उभं करत. ज्यांना जेवता जेवता ऐकायचं असेल ते ऐकत. गाणं इंग्रजी होतं. अर्थ विचारायचा राहून गेला. दुसरं कडवं पाठ होत नसे, तेव्हा तोंडानेच कॉर्नेट, म्हणजे बँडातली छोटी पितळी तुतारी, वाजवायचो. पिंटोसाहेब म्हणायचे, जाझमध्ये हे चालतं.
एकदा अमेरिकेचा एक काळा शिपाई जेवण सोडून उभा राहिला. गाणं संपल्यावर जवळ आला आणि म्हणाला, "यू कम लेट. दॅट्स गुड." मी घाबरलो. ही तारीफ आहे, हे पिंटोसाहेबांनी मागून समजावलं.
मग साहेब गेले, क्लब बंद पडला, पिंटोसाहेब गोव्याला आणि मी बोरीला.

१४ जानेवारी
वर्ग सुरू. टिनाच्या पत्र्यावर गेरूने लिहिलं: जाझ गायन वर्ग, वेळ संध्याकाळची. दुपारभर लोक येऊन विचारत होते, हे कोणत्या बिमारीवर आहे. एका बुढ्याने पायाची सूज उघडून दाखवली. मी त्याला समजावलं. तो म्हणाला, मंग पायाचं कोठी पाहतात?
विद्यार्थी चार. तीन पोरं आणि देवरावची सून कोकिळा. देवराव म्हणजे आमच्या बौद्ध मंडळाचा सेक्रेटरी, शाळेत मास्तर, कडक माणूस. सून ढाणकीकडची. कडेवर पोरगं, नाव धर्मपाल. ती म्हणाली, "मामाजी, गानं शिकाले तर आली, पन याले कोन धरन?" बाकीचे तिघे जमिनीकडे पाहू लागले. शेवटी मी धरला. गुरूने पोरगं धरावं अशी रीत कुठे नाही. फक्त आजच्यापुरतं.

२२ जानेवारी
आजचा धडा: तालाच्या मागे राहणं. मी सांगितलं, गाडीच्या मागे वासरू बांधतात ना, तसं. गाडी पुढे, दोर जरा ढिला, पण तुटायचा नाही. पोरांना समजलं नाही. ते कवायतीसारखे तालावर आदळतात.
कोकिळा म्हणाली, "म्हंजे सासूनं हाक मारली का लगेच उठाचं नाही. पन दुसरी हाक येयाच्या आत उठाचं." उपमा हलकी आहे. पण मग तिने गाऊन दाखवलं आणि दोर बरोबर ढिला होता.
धर्मपालने माझं धोतर ओलं केलं. उद्यापासून वर्गात पोरांना मनाई. तसं तिला सांगणार आहे.

७ फेब्रुवारी
सांगायचं राहिलं. आता धर्मपाल माझ्याकडे पाहिल्याशिवाय झोपत नाही.
तीन पोरं वर्गातून गेली. त्यांना वाटलं होतं की मी इंग्रजी शिकवणार. बरंच झालं. थोडे विद्यार्थी असले की लक्ष नीट देता येतं.
वरच्या सुराला आज गळा फाटला. कारण शोधलं: रुई. मैनाबाई जिनिंगमधून येते तेव्हा पदरात रुई आणते, ती घरभर उडते आणि माझ्या गळ्यात बसते. तिला स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, "मी इतके वर्स रुई खाऊन राह्यली, माहा गळा काहून नाही बसला? ऐकू जाते ना तुमाले माहं?" ऐकू जातं. साऱ्या गल्लीला जातं.

१४ फेब्रुवारी
आज विहारात घोटाळा झाला. लिहून ठेवणं भाग आहे, कारण पुढे माझ्यावर येणार.
वंदनेला बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. सगळे एका दमात म्हणतात. कोकिळा पहिल्या ओळीत. ती जरा मागून उचलू लागली. तिच्या मागच्या बायका तिच्यासाठी थांबल्या. त्यांच्या मागच्या त्यांच्यासाठी. पुरुषांचं संपलं, तरी बायकांचं अर्धं बाकी. देवराव डोळे मिटून उभा होता. त्याने एक डोळा उघडला आणि तो माझ्यावर ठेवला.
मी आकाशाकडे पाहिलं. छत होतं.

१५ फेब्रुवारी
देवराव आला. बसला नाही. म्हणाला, "नानाजी, आपन बाजा सोडला कायले? लोकायच्या दारात वाजवनं सोडलं, त्याईच्या वरातीपुढे नाचनं सोडलं. मीटिंगीत हात तुमीबी वर केलता ना?"
केला होता. सगळ्यांच्या आधी केला होता. दीक्षा घेतली त्या साली ढोल देऊन टाकले, सनई देऊन टाकली. आता आमच्याच जयंतीला बाजा लागला तर तांड्यावरून फुलसिंगला बोलवावं लागतं, ही गोष्ट वेगळी.
तो म्हणाला, "मंग हे साहेबाच्या ताटापुढचं गानं माह्या सुनेले कायले शिकवता?"
रागावणं बंद होतं, पण रागावलो. पिंटोसाहेबांनी मला सांगितलं होतं तेच सांगितलं. हे गाणं साहेबाचं नाही. ज्या काळ्या लोकांनी ते काढलं त्यांचे आजे बाजारात विकले गेले होते, बैलासारखे. दिवसभर मालकाच्या मापाने चालायचे. गाताना तरी त्याच्या मापाने चालायचं नाही, म्हणून जरा मागून. आपल्या मर्जीने.
देवराव बसला. म्हणाला, "बैलासारखे?" मग पाणी मागितलं. पाणी पिऊन म्हणाला, हे कुठे लिहिलेलं आहे काय. मास्तरच तो. मी म्हटलं, गाण्यात आहे.
जाताना टोपी विसरून गेला.

२९ फेब्रुवारी
या डायरीत आजचं पानच नाही. समासात लिहितो. आज रियाज झाला नाही, पण तारीखच नाही तर त्याला खाडा म्हणता येत नाही.

६ मार्च
डायरी आता दोन दिवस मागे.
देवराव टोपी न्यायला आला. म्हणाला, १४ एप्रिलच्या जयंतीला मिरवणुकीच्या आधी तुमचं एक गाणं ठेवू. मराठीत पाहिजे. लोकांना कळलं पाहिजे. एकच.
म्हणजे मेन प्रोग्राम माझा. मैनाबाईला सांगितलं. ती भाकर थापत होती. थापलेली तव्यावर टाकली. मग म्हणाली, "खोकल्याचं काय?"
खोकला आहे कुठे.

१३ मार्च
गाणं तयार. चाल क्लबातली, शब्द माझे:
उजाडलं गा उजाडलं,
आमच्या दारी उजाडलं.
दुसरं कडवं आलं नाही. क्लबातही हीच अडचण होती. कोकिळाने धर्मपालला माझ्याकडे देता देता म्हटलं:
आता हाकेची वाट नाही,
आमचं आमी उजाडलं.
मी म्हटलं, ठीक आहे, मी सुधारून घेतो. दुपारभर सुधारायला बसलो. सुधारण्यासारखं सापडलं नाही. ऊन फार आहे.

२७ मार्च
फुलसिंग कॉर्नेटवाला आला. लग्नसराईत दारव्ह्यापर्यंत वाजवतो, दम चांगला आहे. त्याला जाझची रीत सांगितली. पहिलं कडवं मी गाणार. मग मी मागे सरून हात करणार. तू एकट्याने मनात येईल ते वाजव, त्याला सोलो म्हणतात. तुझं झालं की मी परत येऊन दुसरं कडवं गाणार. सगळी मजा या परत येण्यात असते.
तो म्हणाला, "नानाजीभाऊ, सेक्रेटरीनं मले सांगून ठेवलं, बाजा वाजला का मिरवनूक निघन. पारसाली कोनाले समजलंच नाही कधी निघाचं ते. मी वाजवलं तर लोक उठतीन."
मला हसू आलं. म्हटलं, उठतील तर उठू दे. क्लबातही सोलो चांगला झाला की लोक खुर्च्या सारून उठायचे.
फुलसिंगने माझ्याकडे पाहिलं. दुपट्ट्याने कॉर्नेट पुसलं. म्हणाला, "तुमी म्हनसान तसं."
गावच्या कलावंतांना जाझ समजायला वेळ लागतो.

३ एप्रिल
सकाळी आवाजच नाही. ज्येष्ठमध, हळद, गरम पाणी. दुपारी थोडा आला, पण दुसऱ्या कुणाचा तरी.
गळ्याला विश्रांती म्हणून दोन्ही कडवी कोकिळाकडून गाऊन घेतली. वरच्या जागेला तिचा आवाज सहज जातो. त्याला फक्त वय कमी लागतं, त्यात कला नाही. धर्मपाल माझ्या मांडीवर एकदम चूप होऊन ऐकत होता. मीही.
जाताना ती म्हणाली, "मामाजी, मी तुमच्या मांगं उभी राहू काय? ठसका लागला तं गानं धरून घेईन." मी साफ नाही म्हटलं. जाझ सिंगर एकटा उभा राहतो.

५ एप्रिल
मैनाबाई म्हणते, पोरीले सोबत घ्या. तिला कोकिळाने फितवलं असावं.
मी म्हटलं, बाई, हा माझा शेवटचा, म्हणजे पहिला प्रोग्राम आहे. क्लबात लोक जेवत असायचे. इथे कोणी जेवणार नाही. सगळे माझ्याकडे पाहतील.
तिने हळदीच्या पाण्याचा पेला पुढे केला. मला वाटलं होतं भांडेल.

१० एप्रिल
काळज्या. लाऊडस्पीकर बॅटरीवरचा आहे, बॅटरी मध्येच गेली तर? वारा सुटला तर? माइकमध्ये खोकलो तर साऱ्या बोरीला ऐकू जाईल. माशी तोंडात गेली तर? हे मी क्लबात एकदा भोगलं आहे.
संध्याकाळी मैनाबाई दारात उभी राहून पदर झटकत होती. घरात यायच्या आधी पुन्हा एकदा. विचारलं तर म्हणाली, रोजच झटकते, तुमी पायतच नाही. फेब्रुवारीपासून.

१३ एप्रिल
आज पूर्ण मौन. सगळं खुणेने. मीठ मागायला केलेली खूण मैनाबाईला कळली नाही, दोनदा पाणी आणलं. दुपारी म्हणाली, घर कसं शांत वाटून राह्यलं, जयंती झाली तरी असेच ऱ्हा.

१४ एप्रिल, सकाळ
आवाज आहे. थोडा आहे, पण आहे. तो खर्च होऊ नये म्हणून लिहूनच ठेवतो: आवाज आहे.
पिंटोसाहेबांनी दिलेला काळा कोट घालणार. उकडेल. घालणार.

१५ एप्रिल
प्रोग्राम एकंदरीत यशस्वी. लोक उठून उभे राहिले.
नीट लिहितो. पंचशील झालं, भाषणं झाली. देवराव माइकवर म्हणाला, आता नानाजी एक गाणं म्हणतील आणि मग मिरवणूक. मी उभा राहिलो. मांडव भरलेला. सगळे माझ्याकडे पाहत होते, आणि कोणाच्याही पुढे ताट नव्हतं.
गायलो. आवाज आला. मोठा नाही, खरखरीत, पण ज्या जागी यायला पाहिजे त्या जागी आला, जरा मागून. पुढे बसलेली एक म्हातारी पदराने वारा घेत होती. तिचा हात थांबला. एवढं मी पाहिलं आहे. हे कोणी माझ्यापासून काढून घेऊ शकत नाही.
मग मी मागे सरलो आणि फुलसिंगला हात केला.
फुलसिंगने काय वाजवलं! पिंटोसाहेबांनी उठून टोपी काढली असती. लोक उठले. पहिली ओळ उठली, मग सगळे. मला भरून आलं. सोलो चालू असताना सिंगरने डोळे मिटून मान हलवत उभं राहायचं असतं. मी डोळे मिटले.
उघडले तेव्हा मांडवात सतरंजी होती. एक कुत्रं होतं. लाऊडस्पीकरवाला वायर गुंडाळत होता. बाहेर रस्त्यावर जयंतीचा फोटो घेऊन देवराव, त्याच्या मागे सगळं गाव, आणि सगळ्यांच्या पुढे वाजवत वाजवत फुलसिंग.
लाऊडस्पीकरवाला म्हणाला, "बाबा, बंद करू ना जी?" मी म्हटलं, अजून सोलो चालू आहे. सोलो विहिरीपाशी गेला होता. ऐकू येत होता. मी माइक धरून उभा राहिलो. माझं एक कडवं बाकी होतं.
सोलो पिंपळापाशी थांबला. मी तोंड उघडलं. माइक बंद होता.
आणि तिकडून दुसरं कडवं आलं. कोकिळा. माइक नाही, काही नाही, पण इथपर्यंत. आता हाकेची वाट नाही. तालाच्या मागून. दोर ढिला, पण तुटला नाही. मग सगळ्या गावाने उचललं: उजाडलं गा उजाडलं. तेही मागून. बायकांनी वंदना लांबवली होती ना, तसं सगळं गाव.
मी कोटात उभा.
मांडवाच्या शेवटी खांबाला टेकून मैनाबाई बसली होती. ती मिरवणुकीत गेली नव्हती. उठली, पदर झटकला. इथे रुई कुठली! म्हणाली, "चाला."
मी म्हटलं, दुसरं कडवं राहिलं आहे.
ती म्हणाली, "ते तं चालूच आहे ना."

१७ एप्रिल
फुलसिंगला यापुढे घ्यायचं नाही. कोट उन्हात टाकला. वर्गाला कोणी आलं नाही. गेरू उन्हाने उडाला, पत्र्यावर आता फक्त ‘वेळ संध्याकाळची’ एवढंच दिसतं.
धर्मपाल दोन दिवस दिसला नाही.

१९ एप्रिल
देवराव आला. बसला. दारव्ह्याच्या मंडळाने मिरवणुकीतलं गाणं ऐकलं म्हणे. दर रविवारी कोकिळाने तिकडे यावं, गावं आणि तिथल्या बायकांना शिकवावं, अशी त्यांची मागणी आहे. मला काही वाटलं नाही. वर्ग दारव्ह्याला जाणार हे मी एक जानेवारीलाच लिहिलं होतं.
मग म्हणाला, "तुमाले बी यावंच लागते, नानाजी. तुमच्याबिगर जमत नाही, सून म्हनते."
मी म्हटलं, पाहतो. लगेच हो म्हणायचं नसतं.
मैनाबाईला कोट घडी करायला सांगितलं. तिने केला. हसली नाही, हे मी मुद्दाम पाहिलं.

२४ एप्रिल
दारव्हा. मोटारीत गर्दी. कोट घालून गेलो.
मंडळाच्या खोलीत पंचवीसेक बायका. मला वाटलं, पुढे खुर्ची असेल. खुर्ची होती, पण बाहेर, निंबाखाली. कोकिळाने धर्मपालला माझ्याकडे दिलं. म्हणाली, "मामाजी, हा दुसऱ्या कोनापाशी ऱ्हायत नाही. याच्याचसाठी तुमाले आनलं." मग आत जाता जाता म्हणाली, "आन माहं चुकलं तर खिडकीतून सांगजा."
एका बाईने दुसरीला विचारलं, पोट्टं धरून बसले ते बाबा कोन वं? दुसरी म्हणाली, असतीन आजा त्याचे. कोकिळाने आतून सांगितलं, "माहे मास्तर आहेत ते." त्या माझ्या कोटाकडे पाहू लागल्या. कोटाच्या खांद्यावर तेव्हा धर्मपालची लाळ होती.
ती शिकवू लागली. गाडी, वासरू, ढिला दोर. मग सासूची हाक. वासरावर कोणी हसलं नाही, हाकेवर सगळ्या हसल्या. मग गायल्या. पहिल्यांदा तालावर आदळल्या. दुसऱ्यांदा जरा कमी. खिडकीतून सांगण्यासारखं काही घडलं नाही. मी बराच वेळ वाट पाहिली.
दुसऱ्या कडव्याला धर्मपाल रडला. सगळ्या बायका खिडकीकडे वळल्या. मला मात्र लगेच कळलं. रडला, पण तालावर नाही. जरा मागून.
त्याचा रियाज उद्यापासून. पहाटे. कोकिळा म्हणते, तो पहाटे उठतोच. मला उठवायला मैनाबाईला सांगून ठेवलं पाहिजे.